परमुलखातील किरायाचे घर

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत किरायाची खोली हा घराघरांतल्या परिचयाचा विषय आहे. लातुरात राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या परिश्रमांतून जी अध्यापनपद्धती ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाऊ लागली, तिच्या ओढीने आसपासच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचा ओघ या शहराकडे लागला. नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचा व्याप वाढत गेला, तसतशी तेथेही गल्लोगल्ली माडीवरची एक खोली विद्यार्थ्यासाठी राखून ठेवण्याची रीत पडली. या व्यवहाराचे काही अलिखित नियम सर्वांना तोंडपाठ असतात. अनामत किती, लाइट बिल सबमीटरप्रमाणे की ठोक, फाटक रात्री किती वाजता बंद होते, गावाकडून वडील आले तर एक मुक्काम करता येईल की नाही, एवढे उभ्या उभ्या बोलून होते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून ‘जलदूत’ आगगाडी पाणी घेऊन लातुरात आली, त्या दुष्काळापासून यात आणखी एका कलमाची भर पडली असून, खोली पाहायला आलेला पालक भिंतीचा रंग पाहण्याआधी बोअरला पाणी किती आहे आणि टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यायचे, हे विचारून घेतो.

परंतु या साऱ्या बोलण्याच्या मुळाशी एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर समाधानकारक मिळाले की बाकीच्या अटी सैल होतात: आपण कोणाकडून आलात? अहमदपूरच्या अमुक गुरुजींचा पुतण्या, देगलूरच्या तमुक दुकानदाराचा भाचा, एवढा धागा जुळला की घरमालकाला जामीनदार मिळालेला असतो आणि किरायादाराला न्यायाची हमी मिळालेली असते. कारण उद्या वाद झाला तर तो ज्याच्या शब्दावर मिटेल, असा एक मध्यस्थ दोघांनाही ठाऊक असतो. आता ज्या कुटुंबांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी थोरल्याला लातुरात खोली करून दिली, त्यांतलीच काही कुटुंबे धाकट्याला बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला किंवा कॅनडाला पाठवीत आहेत. कोणी नोकरीसाठी दुबईची वाट धरीत आहे. तेथे पाऊल ठेवताच ज्या पहिल्या दस्तऐवजावर सही करावी लागते, तो किरायाचा करारनामा. त्या मुलखात आपली ओळख कोणालाच नसते. हे एक तथ्य ध्यानात ठेवले, तर परदेशी करारनाम्यातील बहुतेक जाचक वाटणाऱ्या कलमांचा उगम लक्षात येतो, कारण भारी अनामत, स्थानिक जामीनदार, पगाराचे दाखले, उसनवारीच्या इतिहासाचा उतारा या सर्व मागण्या ओळखीची उणीव कागदाने भरून काढण्यासाठी निर्माण झाल्या आहेत. आणि जेथे ओळख चालत नाही तेथे तक्रारदेखील कागदाच्याच आधाराने चालते, हा त्या व्यवस्थेचा किरायादाराला मिळणारा लाभ होय.

कागदाची आपल्याकडे वाण होती, असे मात्र मुळीच नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यापासून किरायानामा, कबुलायत, मुचलका हे शब्द येथील कचेऱ्यांत रुळलेले आहेत. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५४ साली हैदराबाद राज्याने घरभाडे, निष्कासन व पट्टा यांच्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आला तरी, मुंबईत १९४७ चा व आपल्याकडे हा १९५४ चा, असे दोन निरनिराळे कायदे कित्येक दशके शेजारी शेजारी नांदत राहिले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला, तेव्हा हे जुने कायदे रद्द होऊन राज्यभर एकसूत्रीपणा आला. या अधिनियमाचे ५५ वे कलम प्रत्येक पालकाने वाचण्याजोगे आहे. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे, तो नोंदला गेला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर ज्या अटींवर जागा घेतली त्यांविषयी किरायादाराचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाईल, असे ते कलम सांगते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी चुकते, हा जो समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातील एक वर्षाच्या मर्यादेवरून आलेला आहे. महाराष्ट्रात ५५ व्या कलमाने त्याचा आधार काढून घेतलेला आहे. तरीही माडीवरच्या खोलीसाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी किती जण चढतात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीपुरते पाहावे. कायदा कागद मागतो आणि रूढी ओळखीवर निभावून नेते. ही सवय घेऊन आपला विद्यार्थी विमानात बसतो.

परदेशात घर मिळण्याची अडचण मराठी माणसाला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना राहण्याची जागा मिळवताना वर्णभेदाचा जो जाच सोसावा लागे, त्यावर उपाय म्हणून श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह उघडले, आणि विनायक दामोदर सावरकर तेथेच उतरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ च्या सुमारास किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. घर किरायाने देताना वर्ण पाहणे ब्रिटनमध्ये बेकायदेशीर ठरायला १९६८ साल उजाडावे लागले. आजचा विद्यार्थी त्या मानाने पुष्कळ संरक्षित आहे, पण ते संरक्षण त्याला कोणी आणून देत नाही; कायद्याने दिलेले अधिकार स्वतः माहीत करून घेऊन मागावे लागतात.

जर्मनीपासून आरंभ करू; कारण शिक्षणशुल्क बव्हंशी माफ असल्याने मध्यम परिस्थितीतील कुटुंबांचा कल तिकडे वाढला आहे, आणि तेथील किरायाची रचना आपल्या पद्धतीहून सर्वांत निराळी आहे. जाहिरातीत जी रक्कम ठळक छापलेली असते ती बहुधा ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. तिच्यावर ‘नेबेनकोस्टेन’ या नावाने पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि पुष्कळदा खोली उबदार ठेवण्याचा खर्च यांची अंदाजी रक्कम चढते, आणि दोन्ही मिळून ‘वार्ममीटे’ होते. वीज आणि इंटरनेट यातही बहुधा येत नाहीत. त्यांचे करार किरायादाराने स्वतंत्रपणे करायचे. शिवाय प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणीची वर्गणी द्यावी लागते, मग घरात संच असो वा नसो. एका घरात चौघे राहत असतील तर ती एकदाच भरून वाटून घेता येते. नेबेनकोस्टेन ही केवळ उचल असते, हे विसरता कामा नये. वर्षाचा खरा हिशेब घरमालक नंतर पाठवतो आणि हिवाळ्यात तापक यंत्र मनमुराद चालवले असेल तर पुढच्या वर्षी शेकडो युरोंची पुरवणी मागणी येऊन थडकते. मात्र हिशेबाचे वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत हा ताळेबंद किरायादाराच्या हाती पडला नाही, तर घरमालकाच्या दोषाने झालेल्या अशा विलंबानंतर वाढीव रक्कम मागण्याचा त्याचा हक्क जातो. आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींना फार बुचकळ्यात पाडते, ती ही की रिकामे घर म्हणजे तेथे पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटा, शेगडी, कपाटे यांवाचूनचे घर. पूर्वीचा किरायादार स्वतःचा ओटा उचलून घेऊन जातो किंवा नव्याला विकून जातो. नव्या विद्यार्थ्याने सुसज्ज खोली, चार जणांत वाटून घेतलेले घर किंवा विद्यार्थी-कल्याण संस्थेचे वसतिगृह शोधणेच श्रेयस्कर, आणि वसतिगृहाचा अर्ज तर प्रवेशाचे पत्र हाती पडताच करावा.

अनामतीची कमाल मर्यादा जर्मन कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी ठरवलेली आहे आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा अधिकार किरायादाराला दिलेला आहे. या अधिकाराचे मोल एका हिशेबाने कळेल. उदाहरणादाखल काल्टमीटे ४५० युरो आणि नेबेनकोस्टेन १२० युरो धरू; वार्ममीटे झाली ५७०. विजेचे ४०, इंटरनेटचे ३०, नभोवाणीचे १८.३६ आणि अनामतीचा पहिला हप्ता ४५० मिळवला म्हणजे पहिल्याच महिन्याची बेरीज १,१०८.३६ युरो होते. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याला ज्या रोखून ठेवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, त्यातून त्याच्या हाती दरमहा ९९२ युरोच पडतात. अन्नाचा एक घास घेण्यापूर्वीच सुमारे ११६ युरोंची तूट उभी राहिली. आणि घरमालकाने सारी अनामत एकदम मागितली व विद्यार्थ्याने अज्ञानाने ती मान्य केली, तर तूट हजाराच्या पलीकडे जाते. कर्जाचा अर्ज करताना शिक्षणशुल्क, विमान आणि जेवण एवढेच मांडणाऱ्या पालकांनी या पहिल्या दोन-तीन महिन्यांचा भार निराळा मांडला पाहिजे.

तेथे खोली मिळाली, एवढ्याने भागत नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पुष्टिपत्र लागते. त्या नोंदीवाचून पुढची बहुतेक सरकारी कामे अडून राहतात. म्हणून ‘किराया कमी घेतो, पण पत्त्याची नोंद करू नका’ असे म्हणणाऱ्याची जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये फसगत होते ती आठवड्याच्या हिशेबात. विद्यार्थ्यांच्या घरांचा किराया दर माणशी दर आठवड्याला सांगण्याची तेथे चाल आहे, आणि आपला माणूस त्याला चाराने गुणून महिन्याचा आकडा काढतो. १५० पौंडांचे त्याच्या मते ६०० होतात. वास्तविक वर्षाचे ५२ आठवडे धरून बाराने भागले म्हणजे ६५० येतात. १ जून २०१९ पासून अमलात आलेल्या कायद्याने दलालाची अर्जफी, करार लिहिण्याची फी वगैरे बहुतेक आकार किरायादाराकडून घेण्यास मनाई झाली. जागा राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या आणि, वार्षिक किराया ५०,००० पौंडांखाली असेल तर, अनामत पाच आठवड्यांच्या किरायापुरती मर्यादित झाली. ही अनामत घरमालकाला स्वतःच्या मर्जीने सांभाळता येत नाही, ती सरकारमान्य संरक्षण योजनेत ३० दिवसांच्या आत नोंदवावी लागते, आणि यात कसूर केल्यास न्यायालय त्याला अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम किरायादारास द्यायला लावते. आपल्याकडे अनामत परत मिळणे हे बहुतांशी घरमालकाच्या सौजन्यावर अवलंबून असते. तिच्यासाठी तिऱ्हाईत राखणदार नेमण्याची ही कल्पना महाराष्ट्राने मनावर घ्यावी अशी आहे.

तथापि जामीनदाराचा प्रश्न तेथेही बिकटच. ब्रिटनमध्ये राहणारा, तेथे उत्पन्न असलेला जामीनदार नांदेडच्या शेतकऱ्याच्या मुलाने कोठून आणावा? तो नाही म्हटल्यावर सहा-सहा महिन्यांचा किराया आगाऊ मागण्याची वहिवाट पडली होती. २०२५ साली इंग्लंडने किरायादारांच्या हक्कांचा जो नवा कायदा केला, त्याने १ मे २०२६ पासून एका महिन्याहून अधिक आगाऊ किराया मागण्यास प्रतिबंध घातला आहे. परंतु खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या वसतिगृहांतील खोल्या सामान्यतः या चौकटीबाहेर आहेत आणि तेथे ठराविक मुदतीचा करार पाळावाच लागतो. दुसरे कलम याहून घातक. चार मित्रांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या, तर बहुधा ‘संयुक्त आणि पृथक’ दायित्वाची अट असते. एक जण शिक्षण सोडून गावी परतला तर त्याचा हिस्सा उरलेल्या तिघांकडून, किंवा तिघांपैकी कोणा एकाकडूनही, वसूल करता येतो. लातुरात एका खोलीत तिघे राहिले आणि एक निघून गेला, तर घरमालक ‘दुसरा पार्टनर बघा’ म्हणतो आणि महिनाभर थांबतो. तेथे थांबणे त्याच्यावर बंधनकारक नसते. तिसरी बाब नगरकराची. घरातील सर्व प्रौढ पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर हा कर माफ होतो, परंतु अभ्यासक्रम संपून एक जण नोकरीला लागला की त्या घराला देयक येऊ लागते, आणि हे घर बदलण्यापूर्वी ध्यानात न आल्याने मित्रामित्रांत वितुष्ट येते.

अमेरिकेचा एक कायदा सांगता येत नाही, कारण तेथे प्रत्येक राज्याची रीत वेगळी. न्यू यॉर्क राज्याने २०१९ साली अनामत एका महिन्याच्या किरायापुरती आणि अर्जफी २० डॉलरपर्यंत मर्यादित केली, कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून, लहान घरमालकांचा अपवाद सोडून, एका महिन्याचीच मर्यादा आहे, तर टेक्सासमध्ये कमाल मर्यादा नाही. घर सोडल्यावर अनामत किंवा कपातीचा हिशेब परत देण्याची मुदत न्यू यॉर्कला १४ दिवस, कॅलिफोर्नियाला २१ आणि टेक्सासला ३०. नव्याने आलेल्याची खरी अडचण तेथे ‘क्रेडिट हिस्टरी’ नसण्याची असते. वर्षाचा करार मधेच मोडला तर उरलेल्या महिन्यांचे काय, हे कलम सही करण्यापूर्वी शोधून वाचावे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शेवटच्या महिन्याचा किराया आगाऊ घेता येतो, त्यावर व्याजही द्यावे लागते, आणि मोडतोडीसाठी वेगळी अनामत घेणे तेथे बेकायदेशीर आहे. पुढल्या तारखांचे धनादेश देण्याची सक्तीही किरायादारावर करता येत नाही.

याच्या नेमके उलट दुबईत. तेथे वर्षाचा किराया एक, दोन किंवा चार धनादेशांत पुढल्या तारखा घालून आधीच हवाली करण्याची रूढी आजही आहे. जितके धनादेश कमी तितकी घासाघीस करायला वाव अधिक, हे नांदेडच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पण नोकरी तिसऱ्या महिन्यात सुटली तर ते धनादेश मालकाच्या पेटीत असतात, याचा विचार त्यानेही करावा. करार ‘इजारी’ या सरकारी पद्धतीत नोंदवावा लागतो, वार्षिक किरायाच्या ५ टक्के नगरपालिकेचा गृहआकार वीज-पाण्याच्या देयकातून हप्त्याने वसूल होतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी अटी किंवा किराया बदलायचा असेल तर करार संपण्याच्या ९० दिवस आधी सूचना देणे आवश्यक असते. नोकरी लावून देणाऱ्याने ‘राहण्याचा खर्च अमुक’ असे सांगितले असेल, तर त्यात हे आकार धरले आहेत काय, हे निघण्यापूर्वी लेखी विचारावे.

देश कोणताही असो, पैसे बुडतात ते बहुधा दोन प्रसंगी: घर न पाहता घेताना आणि घर सोडताना. पहिल्याविषयी थोडक्यात सांगता येते. मालक परगावी आहे, किल्ली टपालाने पाठवतो, आधी अनामत पाठवा, अशी भाषा करणाऱ्याला लातूरच्या बँकेतून एक छदामही पाठवू नये. प्रथम विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्या घरी काही दिवस राहावे आणि जागा डोळ्यांनी पाहून ठरवावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे आणि उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. मराठी मंडळांतून ओळख मिळाली तर जामीन मिळेल असे नव्हे, पण जागा पाहून येणारा एक विश्वासू माणूस मिळू शकतो.

दुसऱ्या प्रसंगाची तयारी पहिल्याच दिवशी करावी लागते. जर्मनीत किल्ल्या हाती देताना मालक आणि किरायादार मिळून घराचा एक हस्तांतर-पंचनामा करतात. त्यात वीज-पाण्याच्या मीटरचे क्रमांक आणि त्या दिवशीचे आकडे, किल्ल्यांची संख्या, मोरीच्या भांड्यावरचा ओरखडा, खिडकीच्या चौकटीला गेलेली चीर, कार्पेटवरचा डाग हे खोलीवार लिहून दोघांच्या सह्या होतात. संकोचापोटी आपला मुलगा ‘ठीक आहे’ म्हणून सही करतो आणि दोन वर्षांनी तोच ओरखडा त्याच्या अनामतीतून वजा होतो. प्रत्येक डाग लिहायला लावावा, प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे आणि ती सारी त्याच संध्याकाळी मालकाला ई-मेलने पाठवावी. यात उद्धटपणा मानण्याची तेथे रीत नाही. सोडण्याची सूचनादेखील लेखीच द्यावी. जर्मनीत किरायादारासाठी सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची आहे आणि एखाद्या महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या आत सूचना मालकाच्या हाती पडली तरच तो महिना त्या मुदतीत मोजला जातो. एका आठवड्याचा विलंब पूर्ण महिन्याचा किराया खाऊन जातो. आणि परतीच्या गडबडीत तेथील बँकखाते बंद करू नये, कारण अनामत पुष्कळदा घर सोडल्यानंतर काही महिन्यांनी, शेवटचा हिशेब झाल्यावर येते.

हे सर्व ज्ञान आज विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते ते आधी गेलेल्याने नंतरच्याला फोनवर सांगितल्यामुळे. प्रवेश मिळवून देणारे सल्लागार नांदेड-लातुरात आहेत, व्हिसाचे अर्ज भरून देणारेही आहेत. पण करारनामा वाचून देणारा माणूस सापडत नाही. सहीपूर्वी तो कागद एखाद्या जाणत्याने मुलाबरोबर बसून कलमवार वाचावा, एवढी सोय स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आणि लातूरच्या महाविद्यालयांना आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज करता येईल. बर्लिन, लीड्स, टोरांटो येथे शिकून आलेल्यांनी आपापल्या देशाचा एक नमुना-करार मराठी टिपणांसह या संस्थांच्या ग्रंथालयांत ठेवावा, दरवर्षी जूनमध्ये, मुले निघण्यापूर्वी, पालकांना एकत्र बसवून तो समजावून सांगावा, आणि जेथे कायदा बदलला असेल तेथे टिपण बदलावे. खर्च यात फारसा नाही आणि पहिला वर्ग येत्या जूनमध्येही भरवता येण्याजोगा आहे.